कोपऱ्यातला हौद

२१ जानेवारी

पोचलो एकदाचे! टेम्पोतून उतरताना माझी कुंडी फुटली, लंबूचं डोकं दाराच्या चौकटीला आपटलं आणि आम्ही दोघंही भर अंगणात वेड्यासारखे हसत सुटलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका छपराखाली सलग महिनाभर राहिल्याचं मला आठवत नाही. तो कुठल्या ना कुठल्या वायनरीत, मी माझ्या शाळेत. शनिवारी भेटायचं आणि रविवारी संध्याकाळी स्टँडवर तोंड पाडून उभं राहायचं. आई नेहमी विचारायची, तुमचा हा संसार आहे की पाहुणचार? घे आई, आता दोघांना एकाच ठिकाणी नोकरी आणि वर राहायला जागा.

लंबू म्हणजे माझा नवरा. उंचीमुळे हे नाव मी ठेवलं. तो मला 'बाई' म्हणतो, कारण मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि त्याच्या मते घरीही शिकवतेच. त्याला इथे वाइन तयार करायला घेतलंय, मला गाइड म्हणून. ही वायनरी भलतीच जुनी आहे, आणि पाहुण्यांना वाइनपेक्षा त्या जुनेपणाचंच अप्रूप. तो सांगायला कुणीतरी बोलघेवडं माणूस हवं होतं.

खोल्या दोनच, पण ऐसपैस. खिडकीतून द्राक्षांच्या रांगा थेट टेकडीपर्यंत दिसतात. जमीन लाकडी. खाली पाहुण्यांचा हॉल, त्याच्याखाली तळघर, त्यामुळे फळ्यांमधून आंबूस-गोडसर वास सतत वर येतो. लंबू म्हणाला, चार दिवसांत नाक सरावेल.

मालकीणबाई स्वतः किल्ल्या घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील, हातात काठी, पण पाठ ताठ. इथला मुकादम आमचं कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिना चढला आणि वर पोचल्यावर त्यानं विचारलं, आत कुणी झोपलंय का हो वहिनी, फारच जड आहे. माणूस गमत्या दिसतो.

आज दोन उशा सापडल्या आहेत. बाकी सगळं उद्या.

२४ जानेवारी

आजचा दिवस मालकीणबाईंकडे शिकवणीला. मी वही-पेन घेऊन बसले, शाळेतल्या पोरीसारखी.

वायनरी त्यांच्या पणजेसासऱ्यांनी बांधली. त्यांचं तैलचित्र हॉलमध्ये आहे: गालफडं बसलेली, मिशा मात्र रुबाबदार. त्यांनी तळघर खोदवून घेतलं आणि दगडात मोठाले हौद कोरून घेतले. द्राक्षं तुडवायची, रस हौदात सोडायचा आणि तिथेच आंबू द्यायचा. एका वर्षीच्या वाइनला मोठं पदक मिळालं. ते काचेच्या पेटीत ठेवलंय. पुढे पोलादी टाक्या आल्या आणि हौद मागे पडले.

यंदा वायनरीच्या वर्धापनाचं मोठं वर्ष आहे, म्हणून मालकीणबाईंनी ठरवलंय की निदान थोडी वाइन जुन्या पद्धतीनं, त्याच हौदांत करायची. लंबूला त्याचसाठी आणलंय. त्याच्या अंगात नुसता उत्साह संचारलाय. आधीच्या तज्ज्ञानं हे काम नको म्हणून नोकरी सोडली असं ऐकते. लंबू म्हणतो, घाबरट असेल.

मग तळघर पाहिलं. आत जायला दोन वाटा आहेत. अंगणातलं मोठं दार, जिथून माल येतो, आणि हॉलमधून उतरणारा अरुंद दगडी जिना, जिथून मी पाहुण्यांना नेणार. जिना तळाशी वळतो, त्यामुळे वरून हौद दिसत नाहीत. खाली आधी लाकडी पिंपांच्या रांगा, मग हौद. बाकीचे उघडेच होते, धुऊन स्वच्छ केलेले. कोपऱ्यातल्या हौदावर मात्र जाड फळ्यांचं झाकण होतं आणि त्यावर लोखंडी पट्ट्या. दोन गडी त्या कापत होते. मी विचारलं, हाच एवढा बंदोबस्तात का? मालकीणबाई म्हणाल्या की त्यांचे यजमान गेले त्या वर्षी बंद केला, पुन्हा उघडायचं मनच झालं नाही. हृदयविकार होता म्हणे. मी पुढे विचारलं नाही.

जिन्याच्या तळाशी एका फळीवर मुकादमाचा रेडिओ सदा चालू असतो. बातम्या, शेतीसल्ला, गाणी, काहीही. मी म्हटलं, ऐकतं कोण? तो म्हणाला, द्राक्षांना करमत नाही हो.

३० जानेवारी

गाइड म्हणून माझा जम बसला! पहिल्या दिवशी वहीत बघून बोलले, आता मिशांच्या चित्रापाशी हमखास हशा घेते. लंबू मागे उभा राहून ऐकतो आणि मी साल चुकले की खोकतो.

आज एक गंमत झाली. म्हणजे, तेव्हा गंमतच वाटली. एक वयस्कर गृहस्थ मुलीबरोबर आले होते. कोपऱ्यातल्या हौदात यंदाचा पहिला रस नुकताच आंबू लागलाय; मी सगळ्यांना अलीकडे पिंपांपाशी थांबवून बोलत होते. हे गृहस्थ एकदम वळले, 'आलो, आलो, ओरडू नकोस' असं म्हणत कोपऱ्यातल्या हौदाकडे चालू लागले. चालण्यात कसलीही घाई नव्हती. बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर माणूस जातो, तसे. मुलगी धावली, दंडाला धरून त्यांना मागे आणलं. सगळे हसले, तेही ओशाळे होऊन हसले.

जाताना ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली की आई जाऊन वर्ष व्हायचंय, बाबा अजून सावरले नाहीत, राग मानू नका.

राग कसला? पण जेवताना मला त्यांचं ते 'ओरडू नकोस' आठवत राहिलं.

६ फेब्रुवारी

तोडणी जोरात आहे. आता सगळे हौद भरलेत. लंबू मनगटापर्यंत जांभळा झालाय.

रस आंबायला लागला की तळघराचा नूरच पालटतो. उबदार वाटतं. साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो थर लांब दांड्यानं पुन्हा खाली ढकलावा लागतो. खालून खदखद ऐकू येते, मोठ्या पातेल्यात काही शिजत असावं तशी. लंबूनं मला बसवून नीट समजावलं: आंबताना वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड, हौदाच्या काठापर्यंत पाण्यासारखा भरून राहतो. दिसत नाही. म्हणून अंगणाच्या बाजूचा मोठा पंखा कधीही बंद करायचा नाही, आणि काठावरून आत वाकायचं तर मुळीच नाही. त्याच्या गळ्यात वायू मोजायचं छोटं यंत्र असतं. ते टिवटिव करायला लागलं की सगळ्यांनी बाहेर.

आज दुपारी मी हॉलमधली पेल्यांची मांडणी करायला खाली जिन्याशी गेले होते. मुकादमाच्या रेडिओचे सेल संपले होते बहुतेक. तळघरातून लंबूनं हाक मारली. 'बाई.' नेहमीसारखीच, शेवटचं अक्षर जरा लांबवून. मी ओ दिली. पुन्हा 'बाई, जरा हात दे ना.' मी पिंपांच्या रांगेपर्यंत गेले. तिथे कुणीच नव्हतं. आणि तेवढ्यात अंगणातून लंबूचं खोकणं ऐकू आलं, ट्रकवाल्याशी वाद घालताना खोकतो ते.

घुमला असेल आवाज. जुनं दगडी बांधकाम.

संध्याकाळपासून मात्र एका जागी बसवत नाहीये. तीच तीन पुस्तकं चार वेळा लावली.

१० फेब्रुवारी

खांदा दुखतोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी पाहुणे यायच्या आधी पुन्हा तीच हाक. या वेळी स्पष्ट, अगदी जवळून. कोपऱ्यातल्या हौदातून. मला माहीत होतं की तो अंगणात असेल. माहीत होतं! तरी पाय थांबले नाहीत. त्या आवाजात दुखापत होती. आपलं माणूस कळवळून बोलावतं तेव्हा आधी पाय निघतात, डोकं मागून येतं. मी काठावर गुडघे टेकले, हात पुढे केला. खाली सालींचा काळपट थर होता, मध्येच फुगत होता, बसत होता. गालावर ऊब आली. आणि नाकात काहीतरी चुरचुरलं—

मुकादमानं मागून खांद्याला धरून मला असं ओढलं की मी पिंपावर आदळले. त्यानं आधी रेडिओ मोठा केला, मग मला पाणी दिलं. आज एकही विनोद केला नाही.

मी हटूनच बसले. शेवटी त्यानं सांगितलं. चित्रातल्या त्या मिशांवाल्या पणजोबांच्या काळी इथे द्राक्षं तुडवायला एक अख्खं कुटुंब होतं: म्हातारी आई, दोन मुलगे, थोरली सून. एका तोडणीला धाकटा साली ढकलायला कोपऱ्यातल्या हौदात उतरला आणि दमल्यासारखा खाली बसला. थोरला त्याला उठवायला गेला. मग आई. मग सून. बाहेर उभे असलेले सगळे पुढे सांगत राहिले की आतून प्रत्येकाला नावानं हाक आली. 'हात दे.' गर्दीतून आणखी लोक पुढे व्हायला लागले तेव्हा पणजोबांनी त्यांना अडवलं आणि झाकण टाकायला लावलं. सून तेव्हा अजून काठाला धरून होती असं काही जण म्हणायचे. काही जण नाही म्हणायचे.

मी विचारलं, मग त्या वर्षीची वाइन? त्यानं वर हॉलच्या दिशेनं पाहिलं. काचेच्या पेटीतलं पदक त्याच वर्षाचं आहे.

११ फेब्रुवारी

लंबूला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही, पण मास्तरांच्या थाटात समजावत बसला. मला सवय आहे, मीही तेच करते.

'बाई, नीट ऐक. त्या वायूत डोकं गेलं की एक श्वास, फार तर दोन. माणूस कोसळतो. हाक मारायला छातीत हवा लागते. हौदात पडलेला माणूस हाक मारूच शकत नाही.'

'म्हणजे मी ऐकलं ते खोटं?'

'खदखद ऐकलीस. बाकीचं तुझ्या काळजीनं ऐकलं. आणि समज, पुन्हा ऐकू आलं, तर एवढंच लक्षात ठेव. ज्याला हाक मारता येते तो आत नाही. जो आत आहे त्याला हाक मारता येत नाही.'

मी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. मनावरचं ओझं उतरलं. मी त्याला म्हटलं, फळ्यावर लिहून ठेवू का? तेव्हा कुठे हसला.

१५ फेब्रुवारी

वाक्य कामाला येतंय. हाक आली की ते मनात म्हणते, रेडिओ मोठा करते, वर निघून येते. पाहुण्यांना आता पिंपांच्या पुढे नेत नाही. कुणी विचारलंच तर काम चालू आहे म्हणून सांगते.

पण जीव थाऱ्यावर नाही. जेवताना उठते, खिडकीशी जाते, परत बसते. आईशी फोनवर बोलताना सगळं घर पालथं घालते. ती म्हणाली, तुझ्या पायांना चाकं लागलीत का? मी विषय बदलला. ती उगाच धावत येईल.

लंबूचंही काहीतरी बिनसलंय. दिवसातून दोन-तीनदा वर येऊन दारातून डोकावतो. मी दिसले की 'काही नाही' म्हणतो आणि जातो. आज विचारलं, 'तू मघाशी खाली होतीस?' मी नाही म्हटलं. 'मला हाक मारलीस?' नाही रे. त्यानं मान डोलावली. गळ्यातलं यंत्र काढून पुसलं, पुन्हा घातलं. मी काही विचारणार तोच जिना उतरून गेला.

मालकीणबाई हल्ली रोज सकाळी तळघरात खुर्ची टाकून बसतात. कोपऱ्यातल्या हौदासमोर. मुकादम त्यांच्यापुरता रेडिओ बंद करतो. मी जिना उतरून पिंपांआडून पाहिलं, त्या मान किंचित कलती करून बसल्या होत्या, फोनवर कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या. चेहरा शांत. शांत नाही, सुखी.

मला ते दृश्य अजिबात आवडलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज मोठ्या परीक्षेत पास झाले. लगेच लिहून ठेवते.

सकाळच्या पाहुण्यांना पदकापाशी उभं करून मी रेडिओ तपासायला जिना उतरले. आणि सुरू झालं. आजवरचं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लबाड. नुसतं 'बाई, हात दे' नाही. 'बाई, शिडीची पायरी मोडली, पाय अडकलाय. बाई, लवकर, मुकादमाला बोलाव, पंखा—' मग खोकला. हुबेहूब त्याचा खोकला! मग माझं खरं नाव. ते तर तो वर्षातून एकदा घेत नाही, तिथेच तर चोरी पकडली.

कारण थोड्याच वेळापूर्वी मी त्याला खिडकीतून अंगणात ट्रकपाशी पाहिलं होतं.

खोटं कशाला बोलू, पाय निघालेच होते. कठडा घट्ट धरला आणि वाक्य म्हटलं. ज्याला हाक मारता येते तो आत नाही. मग रेडिओ होता नव्हता तेवढा मोठा केला आणि वर आले. पाहुण्यांपुढे असं बोलले की एका बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आज त्याला सगळं सांगणार आहे. जेवायला अजून आला नाही. वाढून ठेवलंय.

अंगणात कुणीतरी पळतंय. मुकादम ओरडतोय. मालकीणबाईंची काठी— त्या पडल्या वाटतं. खिडकीतून नीट दिसत नाही. सगळे तळघराच्या दाराकडे का

२२ फेब्रुवारी

आई आली आहे. तिनं सांगितलं म्हणून लिहितेय. तिला वाटतं लिहिलं की हलकं वाटेल.

तो शिडीवर होता. हौदात नाही, शिडीवर. पायरी मोडून पाय शिडी आणि दगडाच्या मध्ये अडकला होता. हनुवटी काठाच्या वर. म्हणून त्याला बोलता येत होतं. बराच वेळ बोलता येत होतं असं तपासायला आलेले लोक म्हणाले. वायू हळूहळू चढला असेल, किंवा तोच दमून खाली सरकला असेल.

काठावरची बोटं सोडवायला मुकादमाला फार वेळ लागला.

अपघात, असं लिहून नेलं त्यांनी. त्यांनी मला विचारलं, काही ऐकू आलं का? मी म्हटलं, रेडिओ चालू होता.

रेडिओ चालू होता.

२३ फेब्रुवारी

आईचा हात पाठीवरून फिरतो. मी उठते. खिडकी. दार. पुन्हा खिडकी. ती म्हणते, बाळा, जरा बस. कुठे बसू?

एवढा जाणता माणूस उतरला कसा? यंत्र गळ्यात होतं. शिकवणारा तोच. तो का—

२४ फेब्रुवारी

मालकीणबाई आल्या. पायाला पट्टी, दोन माणसांनी धरून आणलं. आईला बाहेर जायला सांगितलं.

त्या अंगणात होत्या. त्यानं ट्रक सोडला आणि पळत दाराकडे आला. त्यांना विचारलं, 'बाई आत का गेली?' त्या म्हणाल्या, ती वर आहे. तो म्हणाला, 'नाही, मला हाक मारतेय.' आणि आत गेला.

माझ्यासाठी उतरला. माझी हाक ऐकून. मी वर पदकापाशी उभी.

त्या मुकादमाला शोधायला गेल्या, काठीवर जेवढं जाता येईल तेवढं. तो सगळ्या गड्यांबरोबर दूर रांगांमध्ये होता. मी म्हटलं, तुम्ही त्याला सगळं आधी का नाही सांगितलं? तुम्हाला माहीत होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचे यजमान हृदयविकारानं गेले नाहीत. कोपऱ्यातल्या हौदात गेले. त्यांना काढायला मुकादमाचा थोरला भाऊ उतरला, तोही गेला. मुकादम काठावर होता. भावानं हाक मारली तेव्हा तो माणसं आणायला पळाला. म्हणून झाकण. म्हणून रेडिओ. आणि तरी तो ही नोकरी सोडत नाही.

झाकणाआडूनही त्यांना यजमानांचा आवाज यायचा. वर्षं गेली तसा बारीक होत गेला. मग येईना. रिकामा हौद बोलत नाही म्हणाल्या. भरलेला हवा. आंबणारा हवा.

'म्हणून उघडलात?'

'म्हातारी झाले गं मी. एकदा ऐकायचं होतं.'

मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते. धावले नाही. कारण मला एकच विचारायचं होतं. विचारलं. म्हटलं, आता त्याचाही—

त्या म्हणाल्या, हो. म्हणूनच सांगायला आले. परवा दुपारी सगळे हौद उपसून टाकणार आहेत. वरून हुकूम आलाय.

२५ फेब्रुवारी

आईनं दोन्ही बॅगा भरल्या. उद्या दुपारी गाडी. त्याचे बूट कुठे ठेवू विचारते.

मुकादमाला जिन्यात गाठलं. तुला कोण ऐकू येतं? तो म्हणाला, दादा. काय म्हणतो? तो म्हणाला, वहिनी, गाडीत बसा आणि मागे बघू नका. रडत होता. मग म्हणाला, तुम्ही खाली गेलात तर मी ओढणार नाही या वेळी. मला आता जोर नाही.

फळ्यांवर कान ठेवून पडले. आईनं उठवलं.

ऐकलं. पुसट. पण ऐकलं.

२६ फेब्रुवारी

आईला सांगितलं, हॉलमध्ये शाल राहिली. ती म्हणाली लगेच ये.

काठावर बसलेय. पंप आणून ठेवलाय, माणसं जेवायला गेलीत. रेडिओ बंद केला. तरी नीट ऐकू येईना, पंख्याची घरघर. पंखाही बंद केला.

आता येतंय.

'बाई.' तसंच. शेवटचं लांबवून.

मी म्हटलं, मी ऐकलं होतं रे. त्या दिवशी. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं तू नाहीस. तूच सांगितलं होतंस ना— तो रागावला नाही. खोकला. म्हणाला, माहीत आहे.

म्हणाला, हात दे.

त्याला विचारलं, वर येणार का? परत विचारलं. नुसती खदखद. मग म्हणाला, इथे पाय दुखत नाही.

डोकं जड झालंय. अक्षर ओळीवर राहत नाही. गालाला ऊब. चुरचुर. उठायला हवं हे कळतंय. पायच— इतके दिवस एका जागी थांबत नव्हते, आता किती छान थांबलेत

फक्त कोपरापर्यंत. कोपरापर्यंतच देईन. त्याची बोटं फार घट्ट होती म्हणे, सोडवायला

गार आहे

आई हाक मारतेय. वरून. जिन्यावर पावलं. तिला वळणावरून मी दिसणार नाही. आई, थांब तिथेच. मोठ्यानं म्हणायला गेले, आवाज निघत नाही. छातीत हवाच

पण माझा आवाज येतोय. मी बोलत नाहीये आणि माझा आवाज येतोय. खालून. 'आई' म्हणतोय. हात

ती ओ देतेय

आई, तुला माझी हाक ऐकू आली तर तू